तेरा तास सुटते, मग “सुटत नाही” कशी?

रमजानमध्ये केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला संध्याकाळी थांबलात तर एक दृश्य तुम्हाला हमखास दिसेल. त्यासाठी युसूफ वडगावच हवं असं नाही. धारूर, कळंब, अंबाजोगाई, परळी, कुठंही उभे राहा. मगरिबची अजान होते. खजूर तोंडात जाते, मग पाणी, दोन भजी, टरबुजाची एक फोड. नमाज होते. नमाजनंतर काही माणसं घरी न जाता आधी टपरीकडे वळतात. चप्पल पायात जायच्या आधीच हात खिशात गेलेला असतो. पुडी फाडल्याचा तो बारीक आवाज येतो आणि माणसाचे खांदे सैल पडतात. खजुरीनं जे झालं नव्हतं, ते आता होतं. त्याचा रोजा खऱ्या अर्थानं आत्ता सुटलेला असतो.

हाच माणूस वर्षभर आपल्याला सांगत असतो, “नै छुटता रे बाबा. बहुत कोशिश किया.”

माझा वाद नेमका या वाक्याशी आहे. मार्चमधला रोजा आपल्याकडे तेरा तासांपेक्षा जास्त असतो. या तेरा तासांत त्यानं शेतात काम केलं, मोंढ्यात पोती उचलली, मोटारसायकलवर केजला जाऊन आला. पाणीसुद्धा प्याला नाही. पुडी खिशात होती, कुणी बघत नव्हतं, तरी त्यानं ती फाडली नाही. एक दिवस नाही, तीस दिवस. जी गोष्ट सुटतच नाही ती तीस दिवस रोज तेरा तास कशी सुटते?

मी हे वरच्या पायरीवर उभा राहून बोलत नाही. अकरा वर्षं मी स्वतः पुडी खाल्ली आहे. तरावीहमध्ये चार रकाती झाल्या की जरा विश्रांती असते, त्यात वजूच्या नावानं बाहेर जाऊन बार भरणाऱ्यांत मी होतो. त्यामुळे “सुटत नाही” हे वाक्य किती सोयीचं आहे ते मला चांगलं माहीत आहे. त्याच्यामागे सगळं लपतं. आळस लपतो, भीती लपते, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आपण त्याला सोडवायला काहीच केलं नाही, ही समाजाची लाजही लपते.

आधी हा खेळ काय असतो ते बघू. आपल्या भागातल्या माणसाला ते बोअरवेलच्या भाषेत लगेच कळतं. पहिला बोअर दोनशे फुटांवर लागला. पाणी भरपूर. दोन वर्षं मोटर रात्रंदिवस चालवली, पाणी खाली गेलं. मग चारशे फूट, मग सहाशे, मग आठशे. खर्च दरवर्षी जास्त, पाणी दरवर्षी कमी. शेवटी अशी वेळ येते की मोटर उसासाठी चालत नाही, नुसता प्यायचा हंडा भरण्यासाठी चालते. आनंदाचंही असंच आहे. पहिली पुडी खाल्ली तेव्हा डोकं हलकं झालं होतं, मजा आली होती. आज पंधरावी पुडी खाणाऱ्याला मजा येत नाही. तो फक्त सकाळी जिथं होता तिथं परत यायला खातो. पुडी न खाणारा माणूस जिथं फुकटात उभा असतो, तिथं पोहोचायला याला दिवसाचे शंभर रुपये लागतात.

यामागचं विज्ञान फार अवघड नाही. मेंदूला अचानक मोठं सुख मिळालं की तो ते आहे तसं ठेवत नाही. पातळी सांभाळायला तो उलट बाजूनं जोर लावतो. सुख पुन्हा पुन्हा आणलं की उलटा जोर कायमचा मुक्काम ठोकतो. मग सुख ओसरल्यावर माणूस आधीच्या जागी येत नाही, त्याच्याही खाली जातो. चिडचिड, अस्वस्थता, झोप न येणं, बायकोच्या साध्या प्रश्नावर खेकसणं, हे सगळं त्या खालच्या पातळीचं बोलणं असतं. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी यातली एक बाजू नीट उलगडून दाखवली. एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीहवीशी वाटणं, या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात आवड कमी होत जाते आणि हाव वाढत जाते. कोणत्याही जुन्या तंबाखूवाल्याला खासगीत विचारा. “चांगली लागते का?” म्हटलं तर तो हसेल. चांगली लागण्याचा जमाना कधीच गेला. आता तर पुडी फाडायच्या आवाजातच अर्धं काम होतं.

तंबाखूत चुना का मळतात, हेही आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. चवीसाठी नाही. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून लवकर रक्तात जातं. म्हणजे तळहातावर अंगठा फिरवणारा आपला शेतकरी रसायनशास्त्र न शिकता रोज प्रयोगशाळा चालवत असतो. गुटख्यात भर सुपारीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं कडक होत जातं, जबडा आखडतो. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक ठेवून तोंडात घालून बघा. जात नसतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि उद्या दातांच्या डॉक्टरकडे जा. माझ्या चुलत्यांच्या तोंडात एकच बोट जायचं, आणि आम्ही सगळे त्यावर हसायचो. चाची त्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यायची. नंतर बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा आमचं हसणं बंद झालं.

आता आपल्या लोकांचा आवडता बचाव. “गुटखा म्हणजे काय दारू आहे का? नशा कुठं चढते? खाऊन नमाज पढता येते.”

हा बचाव मी मोठमोठ्या दाढीच्या माणसांकडून ऐकला आहे. दारूचं नाव काढलं की कानाला हात लावणारे, दारू पिणाऱ्या शेजाऱ्याच्या लग्नाला न जाणारे हे लोक दिवसाला वीस पुड्या खातात आणि त्यांना त्यात काहीच खटकत नाही. कुरआनात सूरह माईदाच्या ९० आणि ९१ क्रमांकाच्या आयती दारूसोबत जुगाराचंही नाव घेतात. जुगारानं कुठं डोकं गरगरतं? कुठं पाय लटपटतात? तरी दोन्ही एकाच ओळीत बसवले, आणि कारण काय दिलं तर आपसांत वैर वाढतं, आणि अल्लाहच्या आठवणीतून व नमाजमधून माणूस ओढला जातो. ही कसोटी लावून बघा. नमाजच्या मध्ये वजूचं निमित्त काढून मला बाहेर कोण ओढत होतं?

“पण आलिमांनी मकरूह म्हटलंय, हराम नाही.” काहींनी मकरूह म्हटलं, काहींनी हराम म्हटलं, हा मतभेद जुना आहे आणि त्याचं कारण सरळ आहे. तंबाखू अमेरिकेतून आली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे पोहोचली तेव्हा फिकहची मोठी पुस्तकं लिहून शेकडो वर्षं झाली होती. आणि यात आपल्या दख्खनचा हातभार मोठा आहे. १६०४-०५ च्या सुमारास अकबर बादशहाचा माणूस असद बेग विजापूरला आला होता. तिथं त्याला तंबाखू दिसली, आवडली, आणि त्यानं ती नळीसकट दरबारात नेली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. दरबारातल्या हकीमानं मात्र हरकत घेतली. हे नवं आहे, याबद्दल आपल्या ग्रंथांत काही नाही, पारखल्याशिवाय घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. असद बेग स्वतःच ही हकीगत लिहून गेला आहे, आणि वादात आपणच जिंकलो असं त्याला वाटतं. अमीर-उमरावांत तंबाखू पसरली. १६१७ मध्ये जहांगीरनं तिच्यावर बंदी घातली. बंदीचं काय झालं ते आपल्या खिशात हात घालून बघा.

ज्या आलिमांनी त्या काळात सौम्य मत दिलं त्यांच्यासमोर कर्करोगाचा पुरावा नव्हता. तो १९५० नंतर समोर आला. आज पुरावा समोर आहे. स्वतःच्या हातानं स्वतःला विनाशात ढकलू नका, हा सूरह बकराचा आदेश (आयत १९५) आधीपासून समोर होताच. तरी आपण सतराव्या शतकातल्या शंकेचा फायदा एकविसाव्या शतकात घेतो. हकीम हरला आणि आपण अजून असद बेगच्या बाजूनं उभे आहोत.

बायकांचा विषय तर कुणी काढतच नाही. मिसरीनं रोजा तुटतो का, हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची, आणि “दात घासते” म्हणून दिवसातून पाच वेळा हिरड्यांवर फिरवायची. ते दात घासणं नाही, सगळ्यांना माहीत आहे. माझी नानी रमजानमध्ये सहेरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत जेवणापेक्षा मिसरीला जास्त वेळ द्यायची. तिला व्यसनी म्हणायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नसती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे चार टक्क्यांच्या आसपास, बाकीचे बहुतेक चघळणारे आणि लावणारे. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा धूर दिसतच नाही. ती गालात, ओठाखाली, आजीच्या डबीत बसलेली आहे.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणं अन्यायाचं होईल. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पहाटे तीन-चारला थंडीत फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि भाकरी मिळेल तेव्हा खायची. तंबाखू भूक मारते. थकवा विसरायला लावते. त्या माणसाला आणि त्या बाईला मी “मौजमजेच्या मागं लागून व्यसनी झाला” असं म्हणणार नाही. त्यांनी मजा शोधली नाही, भुकेवर उतारा शोधला. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर असताना जो माणूस अर्ध्या रुपयाच्या तंबाखूवर सकाळ काढतो, त्याला आधी भाकर द्या, मग उपदेश. माझा राग त्याच्यावर नाही. माझा राग पक्क्या घरात, पंख्याखाली, पोट भरलेलं असताना “सुटत नाही” म्हणणाऱ्यावर आहे. म्हणजे माझ्यासारख्यावर.

सरकारचं म्हणाल तर ते मनोरंजन आहे. महाराष्ट्रानं २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग २०१२ च्या जुलैमध्ये अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि तेव्हापासून तिची मुदत वाढतच राहिली. जे पोर या राज्यात बंदीनंतर जन्मलं, तेही टपरीवर जाऊन पुडी घेऊन येतं. अधूनमधून गुटख्याची गाडी पकडल्याची बातमी येते, पोलीस पोत्यांसमोर उभे राहून फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवशी पुडी दोन रुपयांनी महागते. जहांगीर आणि मंत्रालय यांच्यात चारशे वर्षांचं अंतर आहे, बाकी फारसा फरक नाही. सिनेमातले मोठे नट वेलदोड्याच्या नावानं कशाची जाहिरात करतात ते शाळेतल्या मुलालाही कळतं.

आणि पोरांचं काय म्हणता? त्यांची पुडी आता चौकोनी आहे, काचेची आहे आणि रात्री उशाशी चार्जिंगला असते. रमजानच्या रात्री सहेरीपर्यंत जागणारी पोरं इबादत करतात अशी आपली समजूत. कानाला लावलेल्या वायरी काढून ऐका. रील, गेम, आयपीएलवरचे पैसे. पुढचा रील चांगला निघेल की वाईट हे माहीत नसणं, हीच त्यातली गोडी आहे, आणि जुगाराची गोडीही तीच. ऑनलाइन रमीत जमिनी गेल्याच्या, पोरांनी गळफास घेतल्याच्या बातम्या आपण वाचल्या. जुलै २०२५ मध्ये खुद्द राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. मी ते खरं धरतो. पण मग तर गोष्ट जास्त गंभीर आहे, जुगाराची जाहिरात सभागृहात मंत्र्याच्या हातातही शिरते, तर युसूफ वडगावच्या अकरावीतल्या पोराच्या हातात ती शिरणार नाही का? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण गुटखाबंदीही कायदाच होता.

मग करायचं काय? जुम्म्याच्या बयानात आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मौलाना साहेब वीस मिनिटं व्यसनावर बोलतात, जहन्नमची भीती घालतात, लोक मान खाली घालून ऐकतात आणि बाहेर आल्यावर टपरीवर त्या बयानाचीच चर्चा करतात, तोंडात पुडी धरून. भीतीनं व्यसन सुटत असतं तर पुडीवरच्या सडलेल्या जबड्याच्या फोटोनंच सुटलं असतं. उलट, शरमेनं माणूस लपून खातो, आणि लपून खाणारा जास्त खातो.

मदिनेत दारू कशी सुटली ते आपण अभिमानानं सांगतो, पण त्यातून शिकत नाही. एका दिवसात हुकूम आला आणि एका दिवसात सगळं बंद झालं, अशी आपली समजूत. तसं नाही. आधी सांगितलं गेलं की यात थोडा फायदा आहे पण नुकसान मोठं आहे. मग सांगितलं गेलं की नशेत नमाजजवळ येऊ नका. पाच वेळच्या नमाजमधलं अंतर बघा, प्यायला वेळ उरला किती? दिवसाचा दिवस आखडत गेला, वर्षं गेली, आणि मग शेवटचा हुकूम आला. हजरत अनस (रजि.) सांगतात की ते हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना दारू वाढत होते, तेवढ्यात मनाईची दवंडी ऐकू आली. हातातला पेला तरी संपवू द्या, असं कुणी म्हटलं नाही. दारू गल्लीत ओतली गेली. मला यात सगळ्यांत महत्त्वाचं काय वाटतं? गल्ली. सगळ्यांनी त्याच दिवशी ओतली. दुसऱ्या दिवशी प्यायला बसायला कुणाचं घर उरलं नाही.

आपण काय करतो? एकट्या माणसाला सांगतो, “तू सोड.” आणि बाकीचे दहा जण त्याच्या समोर पुडी फाडतात, वर हसत त्याच्यापुढं हात करतात, “ले, एक से क्या होता.”

एकट्याच्या हिमतीवर हे का चालत नाही याचा एक मोठा दाखला अमेरिकेचा आहे. व्हिएतनाममध्ये लढणारे कितीतरी अमेरिकी सैनिक तिथं हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये ते परत येऊ लागले तेव्हा सरकार घाबरलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला, तर व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात शंभरातले पाचच्या आसपास पुन्हा व्यसनात अडकले. हेरॉइन तेच, माणूस तोच. जागा बदलली होती, सोबत बदलली होती, पुडी देणारा हात समोर नव्हता. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तिथंही माणसाला आधी त्याच्या गल्लीतून उचलून दुसरीकडे ठेवतात, आणि त्याच्यासारख्यांच्यात ठेवतात. तिकडं गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती कागदावर उतरण्याआधी गावागावांतून लोकांनी मागितलेली होती, म्हणून तिच्यात निदान जीव राहिला.

आणि आता रमजानकडे परत येतो, कारण आपल्या हातात जे औजार आहे ते आपण अर्धंच वापरतो. तंबाखू सोडल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यांत वाईट. मग दोन ते चार आठवड्यांत शरीराची मागणी ओसरते, सवयीची मागणी मात्र नंतरही मधूनच डोकं वर काढते. रोजेदार माणूस रोज मगरिबपर्यंत त्या चढाला लागलेला असतो. बालाघाट चढतोय म्हणा. अर्धा घाट चढतो, दम लागतो, आणि इफ्तारनंतर एक पुडी खाऊन पुन्हा पायथ्याशी येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीस वेळा अर्धा घाट! म्हणजे सोडण्याचा सगळा त्रास सोसायचा आणि सोडण्याचा फायदा एकदाही घ्यायचा नाही. इतका तोट्याचा सौदा आपण मोंढ्यात तरी करतो का?

म्हणून माझं म्हणणं असं. विसाव्या रोज्याच्या संध्याकाळी एतेकाफ सुरू होतो. मस्जिदीत दहा दिवस राहायचं, गरजेशिवाय बाहेर पडायचं नाही. टपरी नाही, दोस्त नाहीत, मोबाईल घरी ठेवता येतो. वाईट पहिले तीन दिवस सोबतीनं आणि नमाजमध्ये निघून जातात. ज्यांना सोडायची आहे अशा पाच-सहा जणांनी मिळून बसायचं, एकट्यानं नाही. दहा दिवसांनी ईद येते. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या वाटीनंतर जी पहिली पुडी असते, तीच खरी लढाई आहे. त्या दिवशी त्या पाच-सहा जणांनी एकमेकांच्या घरी असायला हवं. मी स्वतः दोनदा एकट्यानं सोडून दोनदा ईदलाच हरलो. तिसऱ्यांदा माझ्या मावसभावानं माझ्यासोबत सोडली. आम्ही दोघं एका पुडीत अर्धी-अर्धी खाणारे. त्याला न देता खायची मला लाज वाटायची आणि त्याला माझी. त्या लाजेवर आमचं वर्ष निघालं. त्याला मी ईमानाची ताकद म्हणत नाही, त्यात अर्धी तरी खोड होती, कोण आधी हरतो बघू.

मदत घेण्यात काही कमीपणा नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट हेल्पलाइन आहे, नंबर तुमच्या पुडीवरच छापलेला असतो, इतकी वर्षं नजर फिरवलीत तो. दारू आणि इतर नशेसाठी १४४४६. निकोटिनची च्युइंगगम मेडिकलवर मिळते, डॉक्टरला विचारून घ्या. आणि एक इशारा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला अचानक घरात कोंडून “सोड” म्हणू नका. त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला दवाखान्यात न्या. तंबाखूचं तसं नाही, ती आज सोडली तर आजच सुटते, फक्त चिडचिड घरच्यांनी सोसायची.

जे सोडतात त्यांच्या रिकाम्या हाताचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. बोअर बंद ठेवला तर पाणी वर येतं, पण जमिनीत मुरायला पाऊस लागतो. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना समजावलेली गोष्ट बुखारीत आहे. अबू दरदा दिवसभर रोजे ठेवत, रात्रभर नमाज पढत, आणि बायको बिचारी वाऱ्यावर. सलमान यांनी त्यांना रात्री झोपायला लावलं आणि सांगितलं की रबचा तुझ्यावर हक्क आहे तसा शरीराचा आणि घरच्यांचाही आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना दुजोरा दिला. इबादतीचाही अतिरेक जिथं मान्य नाही, तिथं पुडीचा कुठून होणार? पण याची दुसरी बाजूही आहे. शरीराला मजा हवीच असते. आपल्या गावांतून आपण पोरांसाठी मैदान ठेवलं नाही, वाचनालय ठेवलं नाही, आट्यापाट्या गेल्या, कुस्ती गेली, पोहायची विहीर आटली. जिकडे तिकडे “हे नको, ते हराम” एवढंच. मग जी मजा दहा रुपयांत मिळते ती पोरगं घेतं.

टपरीवाल्याचं म्हणाल, तर तोही आपलाच माणूस आहे. काउंटरवर माशाअल्लाहचं स्टिकर, खाली लपवलेली पोती. त्याला शिव्या देणं सोपं आहे. त्याला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “भाई, बिस्कुट पे घर नहीं चलता.” खरं आहे. पण मस्जिद कमिटीजवळ जकात जमते, सदका जमतो. त्याला सहा महिने कर्जे हसना दिलं, भाजीपाला, अंडी, मोबाईल रिचार्ज, काय बसेल ते टाकून दिलं, तर एक पुडीचं दुकान कमी होतं. कर्जात बुडालेल्याचा जकातीत हिस्सा आहे, हे सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आहे. मस्जिदीच्या मिनाराला दुसऱ्यांदा रंग द्यायचं कुठं लिहिलं आहे ते मला सापडलेलं नाही.

मागच्या वर्षी आमच्याच भागातल्या एका गावात, नाव सांगत नाही, मी हा विषय कमिटीसमोर मांडला. एतेकाफ, पाच-सहा जणांची जोडगोळी, टपरीवाल्याला कर्ज, सगळं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक बुजुर्ग म्हणाले, “बात सही है. पण सुरुवात कमिटीनं करायला पाहिजे.” कमिटीत सात जण होते. चार जणांच्या गालात त्या वेळीही काहीतरी होतं, म्हणून उत्तर द्यायला त्यांना आधी उठून बाहेर जाऊन थुंकावं लागलं. तीन जण बसून राहिले. त्या तिघांपैकी दोघांनी विसाव्या रोज्याला आपापल्या शेजाऱ्याला सोबत घेऊन एतेकाफला बसायचं कबूल केलं. ते बसले. चौघांपैकी एकाची ईदनंतर अजून सुटलेली आहे, एकाची मोहर्रमपर्यंत सुटली होती.